खाष्ट सासूचं काम

माझं माहेर पेठ वडगावचं. बाप बाजारात हमाली करायचा, उंचापुरा गडी, आवाज असा की ह्या टोकाला खाकरला तर त्या टोकाची गिऱ्हाइकं वळून बघायची, नि ते समदं माझ्याच वाट्याला आलं की, उंची बी नि आवाज बी. लगीन करून कोल्हापुरात आले तवा मालक स्टुडिओत सुतार हुते, शूटिंगसाठी लाकडाची घरं उभी करायचे नि शूटिंग झालं की मोडायचे. घरात धाकटं दीर दत्तूभावजी नि सासू. सासूला आमी आत्ती म्हणतो. आत्ती गोरीपान, चिमणीएवढी, आवाज बारीक, पर काय सांगू तुम्हाला, त्या बारीक आवाजात अशी बोलायची की घास घशात अडकायचा. ताट कधी हातात द्यायची न्हाय, लांबनं सरकवायची नि म्हणायची, खा बाई खा, तुझ्या बापानं जोंधळ्याचं पोतं धाडलंय न्हवं.

एकदा मालकांची भाकरी घिऊन स्टुडिओत गेलते. सासूचं काम करणारी बाई तापानं पडलेली, डायरेक्टर डोक्याला हात लावून बसलेले. मला बघितलं नि उठलेच. म्हणाले, बाई, सुनेला छळायला येतं का? मी म्हणाले, छळून घ्यायला येतंय. ते म्हणाले, चालतंय की, तेच उलटं करा. त्यांच्या लेखी सासू म्हंजे उंच, सावळी, भरड्या आवाजाची, नि सून म्हंजे गोरी, नाजूक, बारीक बोलणारी. मी म्हणाले, साहेब, आमच्या घरात ह्याच्या उलटं हाय. ते म्हणाले, तुमचं घर कोण तिकीट काढून बघतंय? मग केलं मी. आत्तीगत ताट सरकवलं, आत्तीगत कमरेवर हात ठेवला, बापाचं पोतं बी काढलं. डायरेक्टर म्हणाले, कुठं शिकलासा हे? आता काय सांगायचं त्यांना.

तवापास्नं खाष्ट सासू म्हटलं की मलाच बोलवणं. वय माझं तिशीच्या आत, केसाला पांढरी पावडर लावायची, नि माझा ल्योक झालेला हिरो माझ्यापेक्षा थोरला. आत्ती शिनेमा बघून आली, चकार शब्द बोलली न्हाय. मला वाटलं वळखलं न्हाय, सुटले.

त्यात एका तेलवाल्यानं जाहिरातीसाठी माझा फोटू काढला. सुनेच्या केसाला मायेनं तेल लावणारी हसरी सासू, नि खाली लिवलेलं, ज्या घरी हे तेल, तिथं सासू-सुनेचा मेळ. थेटरात शिनेमाच्या आदी ती पाटी पडद्यावर यायची, नि मग शिनेमात तीच मी तीच वेणी धरून सुनेला फरफटत न्यायची. खालनं एकजण वरडला, तेल लावून वडतीया बघा! समदं थेटर हसलं. मला बी हसू आलं, पर लोकांनी ध्यानात धरली ती वडणारी, तेल लावणारी न्हाय.

हसले खरं, पर ते आंगलट आलं. दत्तूभावजींचं एक स्थळ माझं त्वांड बघून परत गेलतं. दुसरी पोरगी शिरोळची, भावजींच्या मनात अशी भरलेली की जेवणात ध्यान न्हाय. पोरीचे आई-बाप घर बघायला आले. मी पोहं घिऊन गेले नि पोरीची आई दचकलीच, अगं बाई, हीच की ती! मी म्हणाले, तसं न्हाय वो, नि माझा तो आवाज ऐकून तिनं हातातली बशी खाली ठेवली. बाप म्हणाला, पावणं, आमची पोर गरीब हाय, हिच्या हाताखाली टिकायची न्हाय. मग आत्तीकडं बघून कळवळून म्हणाला, आक्का, तुमचं तरी कसं हुतंय वो? पोटाला तरी घालती का ही?

भावजींनी मान खाली घातली. माझ्यापायी त्यांचं मोडतंय म्हणून मला लई वाईट वाटलं, रडाय आलं, पर रडले तर म्हणतील नाटकं करतीया.

आत्ती उठली. कमरेवर हात. बारीक आवाजात म्हणाली, ही मला छळती? ही? इतकी वर्सं हिनं माझ्याम्होरं मान वर केलेली न्हाय. ह्या घरात खाष्ट मी हाय, गल्लीत कुणालाबी इचारा. पडद्यावर हिनं केलंय ते समदं माझं हाय, ताट सरकवणं माझं, पोत्याचं बोलणं बी माझं. हिला सोताचं काय येतंय? माझ्या जिवावर टाळ्या घेतीया!

म्हंजे वळखलं हुतं की म्हातारीनं! पोरीच्या बापाचा आ वासलेला. आईला मात्र हसू आवरंना, ती म्हणाली, अवो, द्या पोरगी. खाष्ट सासू घरोघर हाय, पर तोंडानं कबूल करणारी हीच एक बघितली. नि थोरली जाऊ गरीब हाय, सांभाळून घील.

लगीन झालं. शिनेमात सासू शेवटाला रडती, सुनेला पोटाशी धरती, नि लोक डोळं पुसत घरला जात्यात. आमची आत्ती रडली बी न्हाय नि सुधारली बी न्हाय. उलट आता काम आलं की मला म्होरं बसवून सोता करून दावती, म्हणती, मान अशी झटकायची, किती येळा सांगू. धाकटी जाऊ नि मी पदर तोंडाला लावून हसतो. काय म्हणा, देव तिला उदंड आयुष्य देऊ दे. ती गेली तर मी कुणाचं बघून करू?