स्टावोरेनची कॉफी

वर्कुम गावच्या बांधावर कॉफीच्या टपरीपुढे आल्त्ये रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोन म्हातारे होते, हातात पांढरी काठी घेतलेला आंधळा हार्म आणि धापा टाकणारा शूर्ड. त्यांची जोडसायकल कुंपणाला टेकलेली होती.

“हार्म, आलं बघ स्टावोरेन!”

“एवढ्यात? आणि काल कुठवर गेलो होतो रे?”

“काल माक्कुम.”

आल्त्ये चक्रावली. काल हे दोघे याच टपरीवर तिच्यापुढे उभे होते.

“दमलास का?”

“मी? छे! म्हणशील तर अजून पुढे नेतो.”

“नको. रोज तोंडावर वारा लागला की मला पुरे. जा, कॉफी आण.”

शूर्ड टपरीच्या खिडकीकडे गेला. आल्त्येला राहवेना.

“काका, रागावू नका, पण हे वर्कुम आहे. स्टावोरेन अजून बरंच लांब आहे.”

“हळू बोल, पोरी. इथे येताना पुलावरची तीच सैल फळी रोज खडखडते. मला कळत नाही होय?”

“मग त्यांना सांगत का नाही?”

“सांगितलं तर उद्या लाजेनं यायचाच नाही तो.”

शूर्ड कॉफी घेऊन आला.

“काय म्हणतेय ही?”

“इथलीच आहे वाटतं, विचार तिला.”

शूर्डचा चेहरा उतरला.

“हो काका,” आल्त्ये म्हणाली, “सगळा जन्म स्टावोरेनमध्येच गेला.”