प्रागचा घाट

(रविवार. पंचवटीत संध्याकाळचे पावणेआठ, प्रागमध्ये सव्वाचार. व्हिडिओ कॉल.)

मृण्मयी : अगं आई, घड्याळ दोनदा दाखवलंस. आता बाबांना दाखव ना.

मंगला : आहेत इथेच. फोटो काढतायत.

मृण्मयी : त्यांचा फोन तर तुझ्या हातात आहे. आणि काखेत काय धरलंयस?

मंगला : काही नाही गं.

मृण्मयी : ते बाबांचे बूट आहेत.

मंगला : चर्चच्या दाराशी सापडले. नीट जोडून ठेवलेले. इथे लोक बुटांसकट आत जातात, पण ह्यांना देवाचं दार दिसलं की पाय आधी मोकळे.

मृण्मयी : आणि बाबा?

मंगला : आत नाहीत. चारचे ठोके पडताना सगळे माना वर करून घड्याळातले बाहुले बघत होते. मीही. खाली पाहिलं तर शेजार रिकामा.

मृण्मयी : टूरवाला कुठेय, तो प्रफुल्ल?

मंगला : शोधायला गेलाय. पाऊण तासात आमची बस विमानतळाला निघते.

मृण्मयी : पण बाबा असे न सांगता कुठे जात नाहीत.

मंगला : जातात.

मृण्मयी : म्हणजे?

मंगला : दिवाळीत आपल्या रविवार कारंजाच्या चौकात दोन तास उभे होते. घर कुठलं ते आठवेना. रिक्षावाल्या झीशाननं ओळखलं, त्यानं आणून सोडलं.

मृण्मयी : मी तेव्हा तुझ्याच स्वयंपाकघरात करंज्या तळत होते. मला म्हणालीस, बाबा मित्राकडे रमलेत.

मंगला : खरं सांगितलं असतं तर तू ही तिकिटं रद्द केली असतीस.

मृण्मयी : केलीच असती.

मंगला : म्हणून तर. त्यांचं एकेक पान गळतंय, मृणू. म्हटलं, मला ओळखतायत तोवर ह्या माणसाचा हात धरून एक तरी परकं गाव बघावं. काल त्या जुन्या पुलावर किती बोलले माझ्याशी. वर्षात बोलले नव्हते इतकं.

मृण्मयी : आणि आज हात सोडलास.

मंगला : बोल. ऐकते मी.

मृण्मयी : रडू नकोस. मला विचार करू दे. बूट काढून आत गेले, म्हणजे दर्शन झालं. कपालेश्वराचं दर्शन झालं की बाबा कुठे जातात?

मंगला : गंगेवर, आपल्या गोदावरीच्या घाटावर. चपला देवळापाशीच ठेवून, अनवाणी पायऱ्या उतरतात.

मृण्मयी : तिथे नदी कुठेय?

मंगला : कालचा पूल... ह्या गल्लीच्या टोकाला.

मृण्मयी : मग चल. फोन ठेवू नकोस. प्रफुल्लला मी मेसेज करते.

मंगला : सगळे गार दगड आहेत गं. त्यांचे पाय...

मृण्मयी : चालत राहा, आई.

मंगला : पूल दिसला. बाजूला पायऱ्या आहेत, खाली पाण्यापर्यंत. थांब. कुणीतरी बसलंय. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीय.

मृण्मयी : बाबा?

मंगला : तेच.

मृण्मयी : लांबून हाक मारू नकोस, दचकतील. हळू उतर. मी गप्प बसते.

मंगला : अहो...

चिंतामण : जपून उतरा, बाई. शेवाळ आहे. एकट्याच आलात?

मंगला : नाही. यजमान आहेत बरोबर.

चिंतामण : मग बसा निवांत. येतील ते.