जेवून जा, मनांग

— नाही, तो फोटो ठेवा तुम्ही पर्समध्ये, ओळखते मी केर्विनला, फोटो कशाला लागतोय — डाव्या भुवईवर व्रण, हसताना तोंडावर हात धरतो, तोच ना? मग. बसा आधी. पहाटेच्या बसनं निघालेलं माणूस उभ्याउभ्या काय शोधणार? कॉलेजच्या ऑफिसला जेवणाची सुट्टी आहे, गेटवरचा वॉचमनसुद्धा माझ्याकडचंच ताट घेऊन बसलाय तिकडे झाडाखाली, आत कुणी दाद देणार नाही तुम्हाला इतक्यात. आज शुक्रवार, मुगाचं कालवण आहे, शेवग्याचा पाला घातलाय भरपूर, मासा आत्ता तळून काढलाय. वाढतेच. मनांग म्हणते हं तुम्हाला, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं, राग नाही ना? मलाही सगळं कॉलेज मनांग नेनिताच म्हणतं, प्राचार्यांपासून झाडूवाल्यापर्यंत, त्यामुळे आपण दोघी एकमेकींच्या थोरल्या बहिणी झालो, काय करणार.

भात घ्या अजून. फोन लागत नाही म्हणून एवढं घाबरायचं का? अहो, ही पोरं शेतावर प्रात्यक्षिकाला जातात, चिखलात पडेल म्हणून फोन खोलीवर टाकून जातात, मग चार्जिंग संपतं, मग आई तिकडे देवासमोर मेणबत्त्या लावत बसते. शेतकी कॉलेजात घातलंत ना पोराला? मग चिखल आलाच. — माझ्याकडे? नाही, माझ्याकडे आठवडाभर फिरकला नाही तो. परीक्षा आल्या की पाकिटातले नूडल्स खाऊन राहतात मेले, इकडे कशाला येतील — एक मिनिट हं, हा फोन — हो. हो, इथंच आहेत. जेवतायत. अरे हो म्हटलं ना, ठेव. — माझा मुलगा, रोडेल. शेवटच्या वर्षाला आहे. आई एकटी दुकान बघते म्हणून सारखा फोन करतो. चांगला आहे हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

गाव बघितलंत ना येताना? बघायला काय आहे म्हणा. पूर्वी इथं नुसती तंबाखू होती, माझ्या वडिलांची, काकांची, सगळ्यांची, आणि घरटी एकेक भट्टी, विटांची, उंच, पानं वाळवायला. मग तंबाखू गेली, भट्ट्या राहिल्या ओसाड, आणि गावाला गिऱ्हाईक उरलं ते एक कॉलेज. आता बघा — ज्याच्या घरात एक खोली जास्त त्यानं ती पोरांना दिलीय, ज्याच्याकडे खोली नाही तो त्यांचे कपडे धुतो, ज्याला तेही जमत नाही तो ट्रायसिकल रिक्षा चालवतो, आणि मी त्यांना जेवू घालते. सुट्टी लागली की कुत्रीसुद्धा गेटपाशी बसून राहतात, विचारा कुणालाही. म्हणून म्हणते, कॉलेजबद्दल या गावात कुणी वाकडं बोलणार नाही तुमच्याशी. बोलेल कसं? खाऊ कुणाचं नि बोलू कुणाबद्दल. बाहेरून येऊन चौकशा करणाऱ्याला इथं सगळे पाणी देतात, खुर्ची देतात, पण उत्तर देत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

ब्रदर लोक? कोण म्हणालं तुम्हाला? केर्विन राहतो तिथल्या मुलीनं? लहान आहे ती, पहिल्या वर्षाची, तिला काय कळतं. ब्रदर म्हणजे पोरांचं मंडळ आहे एक, जुनं आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. वाईट काय त्यात? उलट एकदा ब्रदर झालं की पोराची सोय लागते. आमचे मेयर ब्रदर, दवाखान्यातले डॉक्टर ब्रदर, पोलीस ठाण्याचे साहेबसुद्धा. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पोराला कोण विचारतं हो नाहीतर? डिग्रीचा कागद घेऊन परदेशी जायचं नि लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळायच्या. माझा रोडेल ब्रदर झाला तेव्हा मी डुक्कर कापलं होतं, सगळ्या आळीला जेवण दिलं. — आता आत घेताना थोडंफार मारतात, ते खरंय. फळीनं. मांड्यांवर, मागून. रोडेल आठ दिवस पालथा झोपला होता, मी पेरूची पानं उकळून त्या पाण्यानं शेकायची त्याला, आणि तो उशीत तोंड खुपसून म्हणायचा, आई, रडू नकोस, संपलं आता. सगळ्यांचं संपतं हो. सहन करायचं फक्त.

काय? हो, वास पेरूच्या पानांचाच आहे. ते मागचं पातेलं. — ते असंच. कुणाला लागलं-सवरलं तर असावं हाताशी. मोठं आहे खरं पातेलं, पण घरात लहान नव्हतं रिकामं. तुम्ही जेवा ना, निवतंय ते.

— परत ह्याचाच फोन. — काय आहे रे? — नाही, नाही गेल्या. — अरे मी किती वेळ धरून ठेवू, माणूस आहे ते. — अजून बोलत नाही? पाणी पितोय का? — बरं. बरं, ठेव. — गिऱ्हाईक, मनांग. म्हणजे रोडेलच, पण गिऱ्हाइकाबद्दल. आमची — म्हैस आजारी आहे. भाचीच्या घरी. तुम्ही लिंबू पिळा त्यावर, असं कोरडं काय खाताय.

असे हात नका काढून घेऊ हो ताटातून. तुमच्या केर्विनसारखंच करता अगदी. तोही असाच, अर्धा भात झाला की लक्ष दुसरीकडे. परवा दोन घास गेले नाहीत पोटात तोवर तीन पोरं दारात येऊन उभी, चल म्हणाली, आणि हा उठलाच की ताटावरून. मी ओरडले, अरे ताटावरून उठून बाहेर पडू नये, पूर्ण कर. हसला, तोंडावर हात धरून. मग आम्ही बाकीच्यांनी आपापल्या ताटल्या फिरवल्या, तुमच्याकडेही फिरवतात ना, मधूनच उठून गेलेल्याला वाटेत काही होऊ नये म्हणून? मी माझी फिरवली, वॉचमननं त्याची फिरवली, त्या कोपऱ्यात जेवणाऱ्या कॉलेजच्या मास्तरांनीसुद्धा फिरवली, वर मान न करता. एवढं सगळ्यांनी केलं त्याच्यासाठी, आणि तुम्हाला वाटतं गावाला काळीज नाही —

परवा म्हटलं का मी? मागच्या आठवड्यात. परवा तो दुसरा मुलगा होता, बारका, त्याचाही — मनांग, बसा. मनांग. खुर्ची पडली तुमची. असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला भूक नसेल तर नका जेवू, पण बसा.

हो. आला होता. परवा. बस झालं आता? पण मी काय करणार होते, सांगा ना, मी पोरांचा हात धरून त्याला ओढून आणणार होते? त्यात माझा रोडेल होता. माझ्या दारात उभा राहून माझ्याकडे न बघता तो म्हणाला, चल केर्विन, वेळ झाली. मला कळलं होतं कशाची वेळ. गावात सगळ्यांनाच कळतं, भट्टीकडे दिवे दिसले की लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. मला वाटलं, होईल, सगळ्यांचं होतं तसं होईल, आठ दिवस पालथं झोपेल, मी पाणी करून देईन. काल दिवसभर रोडेल आला नाही तेव्हा मी ते मोठं पातेलं चढवलं. आज पहाटे आला, त्या पाण्याची बादली घेऊन गेला. केर्विन हाक मारली तर डोळे उघडतो म्हणाला. दवाखान्यात न्या रे, म्हटलं मी, शपथ घेऊन सांगते, म्हटलं. तर थांब म्हणाला, मोठ्या ब्रदरना विचारतोय. आणि मग तुम्ही बसमधून उतरलात, फोटो घेऊन, आणि त्यांचं काही ठरेपर्यंत तुम्हाला कुठं जाऊ देऊ नकोस म्हणाला. मला एकच मुलगा आहे, मनांग. तुम्हालाही एकच, माहीत आहे मला, त्यानंच सांगितलं होतं. तरी मी दारात उभी आहे आणि तुमच्यानं मी बाजूला व्हायची नाही, अंगानं मोठी आहे. भट्ट्या पन्नास आहेत इथं, कुठल्या कुठल्या बघाल तुम्ही? हात सोडा. लागतंय मला. रागावा, काय म्हणायचं ते म्हणा, पण हात —

थांबा. फोन. थांबा जरा, ऐकू तरी द्या.

— हं, बोल. — काय? — कधी? — रोडेल, रडू नकोस. रडू नकोस रे, नीट बोल. डॉक्टर काय म्हणाले? — आणि साहेब? — बरं. — बरं, सांगते मी. तू घरी जा. अंघोळ कर, आणि घरीच थांब.

...

मनांग. ही तुमची पिशवी. सरका, मी होते बाजूला. चर्चच्या मागं पांढरी इमारत आहे, तो दवाखाना, तिथं आणतायत त्याला; आता हाकेला डोळे उघडणार नाही तो. डॉक्टर म्हणतील मोटरसायकलवरून पडला, वळणावर. ठाण्याचे साहेबही तिथं असतील, तेही तेच म्हणतील. मला विचारलं तर मीही तेच सांगणार आहे, आत्ताच सांगून ठेवते, मागाहून मला दोष देऊ नका.

— काय? कधीच चालवायला शिकला नाही?

तिथं हे बोलू नका, मनांग. कुणापाशीच नका बोलू. जा आता, मला दुकान बंद करायचंय.