राजाबाईचा खोकला

…आन् मी काय दागिना मागाया गेलतो का वो? खोकला! मेलेल्या बायकोचा खोकला! हसू नका, तुमाला सांगतो, आमची राजाबाई भवानी पेठंत टावेलाच्या कारखान्यात कामाला, सारा जन्म कापसाच्या धुरळ्यात गेला, तवा त्या छातीच्या आजारावर संशोधन करनाऱ्यांनी तिला बसवलं आवाज भरून घ्यायच्या मशीनसमोर आन् म्हनले, मावशी, एक ते दहा आकडे मोजा आणि मग खोका. ती एवढी लाजाळू, फोन आला तर 'कोन?' म्हनून माझ्या हातात द्यायची, लग्नाच्या व्हिडिओत तोंडाला पदर… पर तितं मोजले की वो आकडे! झ्याक मोजले! आता ती गेली, घरात फोटू हायती ढीगभर, आवाज म्हनाल तर जगात तेवढाच.

म्हनून गेलो त्यांच्या हापिसात. तितली सुकन्या मॅडम, पोरगी लई ग्वाड, म्हंती, "काका, आवाज परदेशात गेलेत. त्यांच्यावरचं नाव काढून टाकल्याशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आता कुठला आवाज कुणाचा, हे आम्हालाही कळत नाही. नियम आहे." आता नियम म्हटल्यावर काय बोलनार? मी म्हनलं, मग सगळेच लावा की, हजारात वळकतो. तर म्हंती, दुसऱ्यांचे आवाज तुम्हाला ऐकवता येत नाहीत, ती त्यांची खाजगी गोष्ट. बरं, नियम म्हटल्यावर काय बोलनार? तरी बोललोच! मग तिनं पानी दिलं प्यायला आन् म्हनली, "काळजी करू नका काका, मावशींचा आवाज एकदम सुरक्षित आहे."

कुनापासनं गं बाई? माझ्यापासनं?

न्हाय, चूक तिची न्हाय… नियमबी वंगाळ न्हाय म्हना, उद्या आपलं दुखनं कुनी चावडीवर मांडलं तर चालंल का? न्हाय चालायचं. पर जीव तुटतो वो. निघताना म्हंती कशी, मावशींसारख्यांच्या खोकल्यावरनं तिकडचं मशीन शिकतंय, नुसतं ऐकून आजार ओळखायला. घ्या! सातासमुद्रापल्याडचं मशीन तिचा खोकला कान देऊन ऐकतंय, शिकतंय… आन् मी? जन्मभर माझ्या उशाशी खोकायची ती, मी काय शिकलो? एकच म्हनायचो, "राजे, तिकडं जाऊन खोक की."

ऐकलं बगा तिनं.