मिस्त्री आत्ता कुठे आहेत

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कूलर दुरुस्त करणारे एक मिस्त्री गाल धरून बसले होते. पलीकडे त्यांची बायको मोबाइलवर दुकानाची वेबसाइट नीट करत होती.

"थंडीत कूलरला कोण विचारतंय? राहू दे ती वेबसाइट."

"थंडीत काम नाही, म्हणूनच करतेय. उन्हाळ्यात दिवसभर फोन घेता घेता मला जेवायची फुरसत नसते. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच."

"किती घेणार?"

"मिस्त्री निघाले का? तुमचंही उत्तर एकच."

"अगं, माणसाला धीर द्यावा लागतो."

"तीन-तीन दिवस धीर देता तुम्ही. तुम्ही इकडे अंघोळीला, आणि मी फोनवर सांगतेय, वाटेत आहेत म्हणून. यंदा मी खोटं बोलणार नाही. पहिल्याच पानावर एक चौकोन टाकलाय, 'मिस्त्री आत्ता कुठे आहेत'. मी लिहीत जाईन, लोक बघत जातील."

"टाक, टाक. या दिवसांत तिथं चिटपाखरू फिरकत नाही."

"म्हणून तर आजपासून लिहून बघतेय."

"थांब, फोन आलाय. हॅलो, बोला काकू. पंपाचं ना? उन्हाळ्यापासून लक्षात आहे माझ्या. निघालोय, अगदी वाटेतच आहे, पाच मिनिटांत पोचतो... कुठे लिहिलंय?... हो, दाढच. खालची... नाही हो, अजून तिसरा नंबर आहे."