पाण्याचा पेला

शमिका : नाही बाबा, तुमच्या बोअरवेलसारखी नाही. समुद्रातली विहीर. खाली बिट भोक पाडतं आणि त्याच्या तीस मीटर वर रीमर तेच भोक रुंद करत येतो. दोघं एकाच पाइपावर, एकाच वेळी.

बाबा : म्हणजे एका जुवाला दोन बैल, येक फुडं, येक मागं.

शमिका : तसंच. पाइप किती थरथरेल ते मी मुंबईत बसून कॉम्प्युटरवर मांडते. माझ्या मांडणीत पाइप शांत आहे. रिगवर मात्र परवा इतका धडधडला की काम थांबवायची वेळ आली. उद्या तशाच थरात शिरणार आहेत. पाच वाजेपर्यंत मला लिहून द्यायचंय, मिनिटाला किती फेरे, बिटावर किती वजन.

बाबा : आन् चुकलं तर?

शमिका : पाइप तुटेल. तो काढायला माणसं उभी राहतील तिथे.

बाबा : हापिसात विचार की गो कुणाला.

शमिका : चोवीस जण आहेत. चोवीस हेडफोन.

बाबा : म्हणून बापाची आठवण. असूं दे. धडधडला कधी?

शमिका : दोन हजार चार मीटरपासून. अठ्ठावीसला आपोआप थांबला.

बाबा : तिथं दगड बदलतो काय?

शमिका : दोन हजारला. वर चुनखडी, खाली मऊ चिकणदगड. पण मऊ लागल्यावर त्रास कमी व्हायला हवा ना?

बाबा : पालीच्या शाळेची बोअर आठवते तुला? लहान होतीस. भोक रुंद करायचं होतं, म्हणून मी शहाणपणा केला. बिटाच्या वर दातांचं कडं वेल्डिंग केलं, म्हटलं एका फेरीत दोन कामं. वर जांभा, खाली पांढरी माती. बिट मातीत गेलं, सुटलं पळत. कडं अजून जांभ्यात. मग भार कुणावर?

शमिका : ...कड्यावर.

बाबा : फुडचा सुटला की सगळा भार मागं राहिलेल्यावर. रॉड असा नाचला, असा नाचला, आन् तुटला. तीन दिवस काढत होतो. हेडमास्तर रोज येऊन बघायचा, बोलायचा काय नाय. ता जास्त लागायचं.

शमिका : थांबा. तीस मीटर. बिट दोन हजारला बाहेर पडलं, रीमर मात्र बिट दोन हजार तीसला पोचल्यावर. मधला सगळा वेळ तो एकटाच चुनखडीत... बाबा, मी मांडणीत दोघांना एकच दगड धरलाय.

बाबा : मग बदल.

शमिका : बदलतेय. होल्ड करा.

(बराच वेळ फक्त कीबोर्डचा आवाज.)

शमिका : आलं उत्तर. माझाही पाइप धडधडला. अगदी तिथेच.

बाबा : आता काय लिवशील?

शमिका : थर बदलला की बिटाला पळू द्यायचं नाही. वजन कमी, सावकाश. रीमर चुनखडीतून बाहेर येईपर्यंत.

बाबा : हां. मागच्यासाठी थांबायचं.

शमिका : तुम्हाला कसं कळायचं हो, रॉड बिघडतोय ते?

बाबा : पेला. पाणी भरून बोअरच्या गाडीच्या पाट्यावर ठेवायचा. पाणी गोल गोल हललं तर ठीक, येका बाजूनं सांडलं की बंद. तुझी आय वरडायची, घरातले पेले नेतो म्हणून. अजून ठेवतो भरून, समोर मेजावर.

शमिका : घरात? कशाला?

बाबा : सवय गो. आय होती तवा चुलीकडनं आली की हलायचं. आता कोल्हापूरचा मोठा ट्रक गेला तर.

शमिका : ...जेवलात?

बाबा : पेज हाय. तू पाठव तुझं ता, पाच वाजतील.

शमिका : पाठवते. बाबा, आज हललं का पाणी?

बाबा : हललं की. मोबाइल शेजारीच होता. तुझा फोन आला ना.