पाठीले कलम लागते काय?

माहं माहेर तेल्हाऱ्याचं, आन् मले दिली इकडं मोर्शीकडं, संत्र्याच्या मुलखात. आमच्याकडं नुसता कापूस, झाड म्हनलं तं बांधावरची बाभूय, आन् इथी आली तं जिकडं पाहावं तिकडं हिरवं, बहार आला का सारं गाव वासानं भरून जाये. आमच्या ह्यायचं नाव मी घेत नाही, लोकं त्यायले कलमवाले म्हनत. जंभेरीच्या, म्हंजे जंगली लिंबाच्या, रोपाले चीर द्याची, तिच्यात संत्र्याच्या काडीवरचा डोया बसवाचा आन् केयीच्या सोपटानं बांधून टाकाचा, मंग जंभेरीच्या मुयावर संत्रं वाढते. हात लय हलका त्यायचा. मानूस चालेही तसाच, भरभर, मी मांगं रेंगाळत राहो.

मंग ते झालं. कापूस घेऊन बंडी अमरावतीले चालली होती, हे वर बसले, नाल्याच्या उताराले चाक घसरलं, बंडी कलंडली, हे पाठीवर पडले. रक्ताचा थेंब नाही, काय सांगू तुमाले, थेंब नाही. उठाले गेले तं म्हने माहे पाय कोनं धरले रे?

दवाखान्यात डाक्टर म्हने मनका मोडला, आत दोरीवानी असते, जिच्यातून डोक्याचा हुकूम पायाले जाते, ती तुटली. मी म्हनलं तुटली तं गाठ मारा न् साहेब. डाक्टर हसले नाहीत. म्हने बाई, ते अजून कोनालेच येत नाही.

घरी आनलं. लघवीले नयी लावलेली, घडीघडी कुशीवर वयवाचं, सारं मीच करो. आन् संध्याकायी पाय दाबो त्यायचे. ते म्हनत बंद कर व, मले काही लागत नाही. मी म्हनो, मले लागते ना.

भाऊ आला तेल्हाऱ्याहून. म्हने बाई, चाल, लेकरू-बाकरू नाही, वय काय तुहं, आपल्यात पाट लागते, दुसरं घर करता येते. हे खाटेवरून म्हने जाय, खरंच जाय. मी घागर घेऊन विहिरीवर गेली, तिथी रडाचं तेवढं रडून घेतलं, घागर भरून आनली आन् भावाले वाढलं. म्हनलं पोटभर जेव, मंग एकलाच जाय.

त्या सालीच पाठीले जखम झाली, मोठी, सडून राहिली होती, मानूस हातचा जाते असं वाटे. डाक्टर म्हने पाठीवर झोपूच देऊ नका, पालथं ठेवा. हे चिडले, म्हने पालथ्या मानसाले काय दिसते, भुई. मी म्हनलं भुईच पाहाची तं रोपायची पाहा. दिराले म्हनलं उचला. रोपायच्या वाफ्यात गोनपाट अंथरलं, त्याच्यावर गोधडी, तिच्यावर यायले पालथं घातलं. घडीभर तोंड फिरवून पडले, आन् मंग हात लांबवला न् म्हने, चाकू आन.

हात तं चांगलेच होते ना बाई. थोडं थोडं करून रोपायले डोये बांधाले लागले, पालथे राहून राहून जखमही भरली. फुटवा आला का मले हाक मारत, पाह्य व, पाह्य.

मंग एक डाव तेच डाक्टर कलमा न्याले आले, अमरावतीले राजापेठेत बंगला बांधला होता त्यायनं. हे म्हने, साहेब, एक इचारतो, हासू नका. आमी दुसऱ्या झाडाचा जिता डोया आनतो, चिरेत बसवतो, तो लागते. तसा जिता तुकडा माह्या पाठीत लावता येत नाही काय?

डाक्टर मातीतच बसले. म्हने परदेशात जनावरायवर करून पाहून राहिले, पन मानूस त्यानं उठून चालला, असं अजून झालं नाही. होईन कधी तरी, कवा ते मी सांगू शकत नाही, तुमाले खोटं सांगत नाही. हे म्हने आमचेही सारे डोये कुठी लागतात, काही वायतातच.

डाक्टर गेल्यावर मले म्हने, लागलं असतं तं काय केलं असतं, सांग. मी म्हनलं तुमीच सांगा. म्हने, तुह्या बराबर चाललो असतो. लगन झाल्यापासून मी सदा पुढंच राहिलो.

मी उठून वाफ्याले पानी देत बसली.

आताही तिकडंच हायेत, पालथे, काम करून राहिले. त्या शोधाचं काय झालं ते मी कोनाले इचारत नाही, इचारलं का आस लागते, आन् आस लय दुखते. आमच्यापासी तेवढा वेय नाही, माहीत हाये मले. पन कुठी तरी, कोन्या का जातीची असो, कोन्या का गावची, एखादीचा मानूस उठो न् बापा. उठो आन् तिच्या बराबर चालो.